साठीचा टीव्ही

आबीलियुच्या घरी तिसऱ्यांदा जातो तेव्हा
मी गाडीवरून शिडी उतरवतच नाही.
डिश ठीक आहे, दोनदा पाहिली:
दक्षिणेला तोंड, किंचित पश्चिमेकडे कललेली,
गायींच्या कुंपणापलीकडे एकदम कडा
आणि खाली, फार खाली, समुद्र.
मीटरवर सिग्नल ऐंशीच्या वर.
घोडं अडलंय ते आत, बैठकीत.

टीव्ही पंचावन्न इंची.
फॉल रिव्हरहून बोटीनं आला, चार रजयांत गुंडाळून,
शिवणयंत्र आणि दोन फ्रिज यांच्या मधे.
अडतीस वर्षं तिकडे कापडगिरणीत काढून
म्हातारा साओ जॉर्जला परतला
आणि या पडद्यावर त्याला अजून एकच ओळ दिसते:
हा सिग्नल चालत नाही.

"नवा आहे. बिल दाखवू?"
दाखवतोच.

मी समजावतो.
ठिपके सारखेच आहेत, आबीलियु,
आडवे एकोणीसशे वीस, उभे एक हजार ऐंशी,
तुझ्या टीव्हीलाही तेवढेच हवेत, रिसीव्हरही तेवढेच देतो.
पण आपल्याकडे सेकंदाला पन्नास चित्रं निघतात
आणि हा साठांखेरीज काही ऐकूनच घेत नाही.
"म्हणजे दहा कमी देतात?"
कमी असं नाही...
"पैसे तर पुरते घेतात."
दिओलिंदा आतून, मासे साफ करता करता:
"साठी बुद्धी नाठी!
टीव्हीचं म्हणतेय."

मेनू दिसल्याशिवाय सेटिंग बदलायचं कसं?
म्हणून गाडीतला माझा छोटा, चरे पडलेला टीव्ही आणला,
त्याला केबल जोडली, खाली खाली खाली गेलो,
धाकट्या अक्षरांत, जिथे कोणी जात नाही,
तिथे सापडलं: साठ हर्ट्झ.
दाबलं. केबल काढली, थोरल्याला लावली.
एक श्वासभर काळोख.
आणि मग अख्ख्या भिंतीवर
तेर्सेइराची एक गल्ली, पांढऱ्या सदऱ्यांची माणसं,
दोराच्या टोकाला उधळलेला काळा बैल.

दिओलिंदा हात न पुसताच धावत आली.
मी पावतीपुस्तक काढलं.
आबीलियु मात्र बसला नाही.
पडद्याजवळ गेला, मग चार पावलं मागे आला,
मान वाकडी करून उभा.
"हा अडखळतोय."
कोण?
"बैल. माणसंही. सगळेच."

कुणाला दिसत नाही ते, मी म्हटलं,
बारा वर्षांत एका गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही.
त्यानं बोटानं मांडीवर ठेका धरला, ओठ हलवत,
आणि म्हणाला:
"पाच नीट पडतात,
मग पाचवाच पुन्हा.
आडवा धागा दोनदा पडलाय, ग्वाल्तेर.
धोटा एकदा फुकट फिरलाय."

मी पावती लिहायचा थांबलो.
हेच होतं आत, अगदी हेच.
सहावं चित्र येतच नाही, कुठून येणार?
डबा पाचवंच पुन्हा पुढे करतो,
सेकंदाला दहादा, बेमालूम,
असं मी इतकी वर्षं समजत होतो.

"दहा फुटांवरून ओळखायचो," तो म्हणाला,
"दिव्याखाली, रात्रपाळीला.
दिसलं की माग बंद.
मुकादम ओरडायचा: गज गेले, गज गेले!
मी म्हणायचो, गेले तर गेले."

बदलून घे ना मग, इकडचा टीव्ही घे,
पन्नासही चालतात त्याला, साठही.
यावर तो काही बोलला नाही.
दिओलिंदानं चीजचा एक तुकडा कागदात बांधून दिला,
तिला बैल छान दिसत होता.

आठवड्यानं फोन.
मला वाटलं, आता काढून न्यायला सांगणार.
"ग्वाल्तेर, बातम्या लाव.
खालून अक्षरांची पट्टी सरकते ना, ती बघ.
तिथे दोष सगळ्यात स्वच्छ दिसतो."
माझ्या घरच्या टीव्हीला तसलं काही होत नाही,
तरी मी रिमोट घेतला,
आणि बराच वेळ
आम्ही दोघं फोन कानाला लावून
पट्टी बघत राहिलो.